सर्फबोर्ड घ्यायचाय? आधी वजनकाट्यावर उभं राहा

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला. सोबत एक फोटो: पांढराशुभ्र, टोकदार नाकाचा, जेमतेम माणसाच्या उंचीचा सर्फबोर्ड. खाली लिहिलेलं, "मामा, गोव्यातला एकजण सेकंडहँड विकालाय. स्वस्त हाय खरं, घेऊ काय?"

(आमच्या बेळगावकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये.)

भाचा उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये कामाला आहे. समुद्रात आजवर छातीएवढ्या पाण्यापलीकडे गेलेला नाही. पण मोबाईलवर सर्फिंगचे व्हिडिओ बघून बघून त्याला आता स्वतःला लाटेवर उभं राहायचंय. यात नवल नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली आणि तिथं रमेश बुडिहाळनं कांस्यपदक मिळवलं. पोरगा केरळच्या कोवलमचा, आडनाव मात्र थेट आमच्या उत्तर कर्नाटकातलं. २०२६ च्या आयची-नागोया एशियाडमध्ये सर्फिंग पहिल्यांदाच आलंय. त्यात बेळगावहून चोर्ला घाट उतरला की समुद्र काही तासांवर. मग निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंतच्या पोरांना हा नाद लागला तर दोष कुणाला द्यायचा?

त्या फोटोतला बोर्ड घेऊ नकोस, एवढं मी लगेच कळवलं. का नको, हे सांगायला फोनवर तासभर गेला. तोच हिशोब इथं जरा नीट मांडतो.

बोर्ड नेमकं करतो काय?

दोन कामं करतो, आणि दोन्ही वेगवेगळी आहेत. पहिलं काम तरंगवण्याचं. तुम्ही बोर्डावर पालथे झोपून हातांनी पाणी मारत लाटेकडे जाता, तेव्हा बोर्ड तुम्हाला पाण्यावर धरून ठेवतो. दुसरं काम घसरण्याचं. लाटेनं ढकललं, वेग आला, तुम्ही उभे राहिलात, की बोर्ड पाण्यात तरंगत नसतो, पाण्यावरून घसरत असतो. तळ्यात चपटा दगड मारून आपण भाकऱ्या काढायचो, ते आठवा. दगड काही तरंगत नाही. वेग आहे तोवर पाणी त्याला खालून उचलून धरतं, वेग संपला की बुडुक.

व्हिडिओत दिसतं ते सगळं दुसरं काम. नव्या माणसाचा जवळजवळ सगळा वेळ मात्र पहिल्या कामात जातो. गडबड होते ती इथंच. बघणारा घसरण्यासाठी बनवलेला बोर्ड पसंत करतो आणि समुद्रात गेल्यावर तरंगताच येत नाही.

'लिटर' हा काय प्रकार?

बोर्डाच्या पाठीवर लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते. हल्ली त्यापुढे एक आकडा असतो, लिटरमध्ये. बोर्ड आतून भरीव असतो, त्यात लिटर कसले, असं भाच्यानंही विचारलं. तो आकडा म्हणजे बोर्डानं व्यापलेली जागा. पूर्ण बुडवला तर तो किती पाणी बाजूला सारेल, तेवढे लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, समुद्राचं पाणी त्याहून किंचित जड. म्हणजे ढोबळमानानं जितके लिटर तितके किलो बोर्ड वर उचलणार, त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा करायचं.

आमच्या पिढीतले बरेचजण विहिरीत पोहायला शिकले ते पाठीला रिकामा डबा बांधून, त्याआधीच्या पिढीतले सुका भोपळा बांधून. पाच लिटरच्या हवाबंद कॅननं अख्खा पोरगा कसा तरंगायचा? कारण माणसाचं अंग पाण्यात असतं तेव्हा ते जवळजवळ आपोआप तरंगतं. वर काढायचं असतं ते फक्त डोकं, आणि डोक्याचं वजन चार-पाच किलो. तेवढ्याला पाच लिटर पुरतात. सर्फबोर्डावर मात्र तुम्हाला डोकं, छाती, पोट, सगळंच पाण्याबाहेर काढायचंय. मग लिटरही तेवढे पाहिजेत.

आता भाच्याच्या फोटोतला बोर्ड घेऊ. लांबी ५ फूट १० इंच, म्हणजे १७८ सेंटिमीटर. रुंदी ४७.६, जाडी ५.९. तिन्हींचा गुणाकार केला तर ५० लिटर. पण तो झाला चौकोनी ठोकळा. बोर्डाची दोन्ही टोकं निमुळती, कडा गोल. ठोकळ्यातून जॉब काढल्यावर किती मटेरियल उडतं हे मशीनशॉपवाल्याला सांगावं लागत नाही. अशा बोर्डात ठोकळ्याच्या निम्म्याहून थोडं जास्त उरतं. म्हणजे साधारण २७ लिटर. बोर्डाचं वजन तीनेक किलो वजा केलं की उरले २४. आणि भाचा? त्यानं सांगितलं, "७४ भरतो."

चोवीस किलोची उचल आणि चौऱ्याहत्तर किलोचा गडी. झोपला की बोर्ड पाण्याखाली, छाती पाण्यात, आणि तोंडावर प्रत्येक लाटेची चपराक.

याउलट शिकण्यासाठीचा आठ फुटी फोमचा बोर्ड: २४४ बाय ५७ बाय ८.२ सेंटिमीटर. ठोकळा ११४ लिटरचा, बोर्ड सत्तरच्या आसपास. हात-पाय थोडे पाण्यात राहतातच, तेवढं सोडलं तर तो भाच्याला छान वर ठेवील.

म्हणून ढोबळ नियम असा. नवशिक्यानं साधारण आपल्या वजनाच्या किलोंइतके लिटर घ्यावेत, जास्त असले तर उत्तम. वर्ष-दोन वर्षांत हात बसला की वजनाच्या सत्तर टक्के चालतात. रोज समुद्रात असणारे पट्टीचे लोक वजनाच्या निम्म्याहूनही कमी लिटरचे बोर्ड वापरतात. व्हिडिओत दिसतात ते हेच, आणि त्या व्हिडिओंमागची दहा वर्षं त्यात दिसत नाहीत.

लाट पकडणं म्हणजे धावती गाडी पकडणं

स्टँडवरून सुटलेली खानापूरची गाडी धावत जाऊन पकडलेल्यांना हे लगेच कळेल. दांडा हातात यायला तुमचा वेग गाडीच्या जवळपास हवा. उभ्यानं हात घातला तर गाडी निघून जाते आणि आपण रस्त्यावर.

लाटेचंही तेच. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. मीटरभर खोल पाण्यात तो ताशी ११ किलोमीटरच्या घरात असतो. नवशिका हातांनी पाणी मारत जातो तो चालण्याच्या वेगानं, ताशी तीन-चार किलोमीटर. मधली तफावत कोण भरून काढणार? बोर्ड. लांब आणि जास्त लिटरचा बोर्ड पाण्यावर उंच बसतो, पाणी कमी कापतो, म्हणून तेवढ्याच मेहनतीत जास्त वेगानं जातो. शिवाय लाट अजून उतरत्या छपरासारखी निवांत असतानाच तो घसरू लागतो. लहान बोर्डाला लाट भिंतीसारखी उभी राहावी लागते. आणि भिंत झालेली लाट पुढच्याच क्षणी डोक्यावर कोसळते. तेवढ्यात उठून उभं राहणं हे शिकाऊ माणसाचं काम नव्हे.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. चाळिशीत पहिल्यांदा गोव्याच्या किनाऱ्यावर भाड्यानं बोर्ड घेतला, तेव्हा रांगेतला सगळ्यात चकचकीत, टोकदार बोर्ड मीच निवडला होता. देणाऱ्यानंही मुकाट्यानं दिला. तासाभरात एकही लाट लागली नाही. बरगड्या सोलल्या, नाकातोंडात पाणी, आणि किनाऱ्यावर बायको मोबाईल धरून वाट बघतेय की हा कधी उभा राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच एका शिकवणाऱ्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं, काही न बोलता निळा, नऊ फुटी, दरवाज्याएवढा फोमचा बोर्ड पायाशी टाकला. चौथ्या लाटेला मी उभा होतो. चार सेकंद असेन. त्या चार सेकंदांचा व्हिडिओ मात्र नाही, कारण बायको त्या दिवशी आलीच नव्हती.

बाजारात कोणकोणते बोर्ड?

फोमचा बोर्ड, ज्याला सॉफ्टटॉप म्हणतात. वरून मऊ, आत फोम, खाली गुळगुळीत प्लास्टिक. सात ते नऊ फूट. सर्फ शिकवणाऱ्यांकडे रंगीबेरंगी थप्पी असते ती याचीच. सुरुवात इथूनच करायची, यात दुसरं मत नाही. मऊपणाचं कारण सुखसोय नसून सुरक्षा आहे. पडल्यावर बोर्ड दोरीनं पायाला बांधलेला असतो, म्हणजे तो तुमच्याकडेच परत येतो, आणि येतो तो जोरात.

लाँगबोर्ड म्हणजे नऊ फूट आणि त्याहून लांब, गोल नाकाचा. हा सर्फिंगचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. हवाईत तिथले सरदार-दरकदार ओलो नावाचे लाकडी बोर्ड वापरत, ते पंधरा फूट आणि त्याहूनही लांब असत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फोम आणि फायबरग्लास आलं, बोर्ड हलके झाले, आणि ते हलके झाल्यावरच लहान होऊ लागले. लाँगबोर्ड नवशिक्याला चालतो आणि म्हाताऱ्या जाणकारालाही. छोट्या, आळशी लाटेवर याच्यासारखा दुसरा नाही. त्यावर पुढे नाकापर्यंत पावलं टाकत जाणारी माणसं बघितली की वाटतं, हे सर्फिंग नव्हे, नाच आहे.

मधला बोर्ड, सात ते साडेआठ फुटांचा, फनबोर्ड या नावानं मिळतो. फोमच्या बोर्डावर सहज उभं राहता येऊ लागलं, डावी-उजवीकडे वळता येऊ लागलं, की पुढची पायरी ही. आठवडाअखेरीस घाट उतरून जाणाऱ्या आमच्यासारख्यांना आयुष्यभर हाच पुरतो, असं माझं मत.

फिश हा आखूड पण रुंद आणि जाड, शेपूट माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली. कमी लांबीत जास्त लिटर बसवलेत. छोट्या लाटेवर वेग घेतो. दोन-तीन वर्षं झालेल्यांना लहान बोर्डाची हौस असेल तर हा.

शॉर्टबोर्ड म्हणजे भाच्याच्या फोटोतला. पातळ, टोकदार, चपळ. उभ्या, जोरदार लाटेसाठी बनलेला. आणि गन नावाचा एक लांब, भाल्यासारखा प्रकार आहे, घराएवढ्या लाटांसाठी. त्याच्याशी आपला संबंध नाही, पुढे जाऊ.

आपली लाट कसली?

बोर्ड विकणाऱ्या कुठल्याही परदेशी साईटवर हे मिळणार नाही, आणि निवडीतला अर्धा भाग तर हाच आहे. गोवा, कारवार, गोकर्ण, मुल्की, वर मालवण-वेंगुर्ला, या पट्ट्यात वर्षाचे दोन भाग. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. कर्नाटकात, महाराष्ट्रात, गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारीसुद्धा जून-जुलैत बंद. तेव्हा नवशिक्यानं पाण्यात पाय घालायचा नाही. किनाऱ्यावर लाल बावटा दिसला तर भजी खाऊन घरी यायचं.

ऑक्टोबर ते मे हा शिकण्याचा काळ. या दिवसांत बहुतेक सकाळी गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी लाट. हरमल-मोरजीकडे शिकवणाऱ्यांची गर्दी असते ती म्हणूनच. खाली वाळू, लाट मऊ, पडलं तरी लागत नाही. पण अशा लाटेत शॉर्टबोर्डला ढकलण्याइतका जोरच नसतो. म्हणजे भाच्यानं तो बोर्ड घेतला, दहा वर्षं घोटून पट्टीचा सर्फर झाला, तरी जानेवारीतल्या गोव्यात तो बोर्ड काखेतच राहणार. मंगळूरजवळच्या ससिहित्लूला राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा होतात, तिथं शॉर्टबोर्ड दिसतात, खरं त्या पावसाळ्याच्या आगेमागे, लाट उभी राहू लागते तेव्हा.

मुल्कीला तर २००४ पासून सर्फिंग शिकवलं जातंय. देशातली ही सगळ्यात जुन्या ठिकाणांपैकी एक जागा, आपल्याच राज्यातली. बेळगावच्या पोरांना गोवाच तेवढा दिसतो, हे वेगळं.

नाक, कड, शेपूट, फिन

उद्यमबागेत शेपर म्हटलं की लोखंडात कीवे, म्हणजे खाचा, कापणारं मशीन. सर्फिंगमध्ये शेपर म्हणजे बोर्डाला आकार देणारा माणूस, हातात रंधा आणि पॉलिशपेपर. भाच्याला हे ऐकून फार आनंद झाला. हा माणूस जे काही करतो त्यातलं एवढं कळलं तरी पुरे.

बोर्ड बाजूनं बघितला तर नाक होडीच्या नाळेसारखं वर उचललेलं दिसतं. या बाकाला रॉकर म्हणतात. बाक जास्त असेल तर उभ्या लाटेवरून उतरताना नाक पाण्यात घुसत नाही, पण सपाट पाण्यात तोच बाक पाणी ढकलत बसतो आणि वेग खातो. आपल्या लाटेला कमी बाकाचा बोर्ड बरा. कडा जाड आणि गोल असल्या की चुका पोटात घालतात. पातळ आणि धारदार असल्या की जाणत्याच्या हाताखाली झटकन वळतात, नेणत्याला झटकन पाडतात. शेपटीच्या आकारावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिल्या दोन वर्षांत तुम्हाला त्यातला फरक कळणार नाही, तेव्हा तो वाद त्यांनाच घालू द्या.

फिन म्हणजे बोर्डाखालचे पर, माशाला असतात तसे. न्हाणीतल्या ओल्या फरशीवर ताट सरकवलं तर ते कुठंही जातं, कारण त्याला दिशा नसते. फिननं ती मिळते. १९३५ साली अमेरिकेच्या टॉम ब्लेकनं बोर्डाखाली पहिलं फिन बसवलं, आणि १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं तीन फिनांचा बोर्ड केला. आज दुकानात दिसणारे बहुतेक बोर्ड त्याच तीन फिनांचे.

"खरं मामा, मी विहिरीत पोहतो की!"

पोहता येणं ही पहिली अट आहे, तिला पर्याय नाही. पण त्यानं लिटर कमी होत नाहीत. विहिरीत पोहणारा हातपाय मारत असतो. बोर्डावर पाय नुसते पसरलेले, सगळं काम खांदे आणि पाठ करतात. तालमीत जाणारा दणकट गडीही पंधरा मिनिटांत खांदे धरून बसलेला मी पाहिलाय.

"मोठ्या बोर्डाची सवय लागली तर लहान जमायचा नाही"

हे बरेचजण म्हणतात. ऐकायला पटतंही. पण सवय कशानं लागते? उभं राहून घालवलेल्या सेकंदांनी. मोठ्या बोर्डावर सकाळभरात वीस लाटा मिळाल्या आणि प्रत्येकीवर पाच सेकंद उभे राहिलात, तर शंभर सेकंद सराव झाला. लहान बोर्डावर पहिला महिनाभर शून्य. शून्याची कसली सवय लागणार?

फोमचा बोर्ड म्हणजे पोरांचा, लोक हसतील, अशीही एक भीती असते. लाट लहान असेल त्या दिवशी जगातले मोठमोठे सर्फर मौजेखातर फोमचेच बोर्ड काढतात. हसतात ते किनाऱ्यावर बसलेले.

"दरवेळी भाडं देण्यापेक्षा विकत घेतलेला काय वाईट?"

वर्षाला चार वेळा जाणार असाल तर वाईटच. एक तर पहिल्या वर्षात दोनदा बोर्ड बदलावा लागतो, भाड्यात तो फुकट बदलून मिळतो. दुसरं, आठ फुटी बोर्ड टिळकवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठं? बसवाले घेत नाहीत. गाडीच्या टपावर पट्ट्यांनी आवळून घाटातून आणता येतो, पण ऊन सांभाळावं लागतं. बंद गाडीत दुपारभर ठेवलेला बोर्ड मी बघितलाय. आतली हवा तापून फुगली आणि फायबरग्लासचा पापुद्रा सुटला, अगदी तव्यावरच्या भाकरीसारखा. भाकरी फुगली की घरात कौतुक होतं. बोर्ड फुगला की संपला.

सेकंडहँड घ्यायचाच असेल तर हाच पापुद्रा अंगठ्यानं दाबून बघायचा. दाबल्यावर आत गेला तर सोडून द्या. पिवळा पडलेला चालतो, चिरलेला नाही, कारण चिरेतून पाणी आत जातं आणि बोर्ड हळूहळू जड होतो. फिन बसवलेल्या खाचा हलवून बघा. पायाची दोरी जुनी असेल तर ती नवीनच घ्या, साधारण बोर्डाच्या लांबीएवढी.

"तोवर हिडकलला सराव करू काय?"

नको. धरणाच्या पाण्यात लाट नसते, जीवरक्षक नसतो, आणि तळ कुठं कसा आहे हे सांगता येत नाही. घरात सतरंजी टाकून पालथं झोपायचं आणि एका झटक्यात उभं राहायचं, रोज तीस वेळा. कुठला पाय पुढं येतो तेही कळतं. भाचा हे आता मशीनशॉपच्या जेवणाच्या सुट्टीत करतो म्हणे, बघणाऱ्यांसकट.

परवा त्याचा पुन्हा मेसेज आला. नोव्हेंबरातला एक शनिवार ठरलाय, शिकवणाऱ्याशी बोलणं झालंय, त्यानं वजन विचारलंय. म्हणून गडी कारखान्यातल्या भंगाराच्या काट्यावर चढला. "मामा, ७४ नाही गा. ८१ भरलो."

मी लिहिलं, मग आठ फुटी राहू दे, नऊ फुटी काढून ठेवायला सांग.